सी भाषेतील सुरक्षादोष आणि न वाचलेल्या वॉर्निंग्ज

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

सायबर हल्ल्याची बातमी छापून आली की तिच्याखाली वाचकांसाठी एक चौकट हमखास असते: पासवर्ड वरचेवर बदला, अनोळखी लिंकवर क्लिक करू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका. हा सल्ला योग्यच आहे आणि तो पुन्हा पुन्हा द्यायलाही हवा. मात्र त्या चौकटीमुळे वाचकाचा असा समज होतो की चूक नेहमी वापरणाऱ्याची असते. प्रत्यक्षात अनेक गंभीर हल्ल्यांमध्ये वापरणाऱ्याने काहीही केलेले नसते. दोष प्रोग्रॅमच्या एखाद्या ओळीत असतो, वर्षानुवर्षे तिथेच पडून असतो, आणि पुष्कळदा तो प्रोग्रॅम एकदाही न चालवता, नुसता नीट वाचून सापडण्यासारखा असतो. मी गेली वीस वर्षे सी भाषेत कोड लिहितो आणि त्यांतली बरीच वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासतो. या न चालवता तपासण्याला आमच्या व्यवसायात ‘स्टॅटिक ॲनालिसिस’ म्हणतात. त्याविषयी मराठी वृत्तपत्रांत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची जाणीव आहे, पण थोडक्यात लिहिले असते तर मूळ मुद्दाच निसटला असता.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. आज पन्नास वर्षांनंतरही ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, राउटर, मोटारगाडीतले नियंत्रक, वैद्यकीय उपकरणे आणि संदेश गुप्त ठेवणाऱ्या लायब्रऱ्या (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारे तयार कोडसंच) मोठ्या प्रमाणावर याच भाषेत आहेत. ही भाषा लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. शंभर बाइट्सची जागा राखून ठेवली आणि तिच्यात दीडशे बाइट्स ओतले, तर सी भाषा हटकत नाही. वरचे पन्नास बाइट्स शेजारच्या जागेत जाऊन पडतात, आणि त्या शेजारी फंक्शनने (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याने) परत कुठे जायचे याचा पत्ता असेल, तर प्रोग्रॅमचा ताबा बाहेरच्या माणसाकडे जाऊ शकतो. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणे, एकच मेमरी दोनदा मोकळी करणे, शून्य पॉइंटरच्या, म्हणजे कुठल्याच जागेचा नसलेल्या पत्त्याच्या, मागे जाणे, पूर्णांकाची मर्यादा ओलांडली जाणे या सगळ्या चुका याच कुळातल्या आहेत. आपण दरवर्षी दुरुस्त करत असलेल्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या हाताळणीतले असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. सी सोडून सुरक्षित भाषांकडे वळावे असे अलीकडे म्हटले जाते आणि नव्या कामासाठी ते मलाही पटते; परंतु जो कोड आज यंत्रांमध्ये चालू आहे तो एका रात्रीत नाहीसा होणार नाही, आणि तो तपासण्याची जबाबदारीही टळत नाही.

हा धोका नवा नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने (एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने) त्या वेळच्या इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प केली. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक वाट ‘फिंगर’ या सेवेतून जात होती. तिथे ५१२ बाइट्सच्या बफरमध्ये, म्हणजे मजकुरासाठी राखलेल्या जागेत, ओळ वाचून घेण्यासाठी ‘गेट्स’ हे फंक्शन वापरले होते. बफर किती मोठा आहे हे या फंक्शनला सांगण्याची सोयच नाही. वर्मने ५३६ बाइट्स पाठवले आणि काम झाले. ‘गेट्स’ सुरक्षितपणे वापरण्याचा कोणताही मार्ग नाही; ते कोडमध्ये कुठे आहे एवढे शोधले तरी दोष सापडतो. असे असूनही सी भाषेच्या अधिकृत मानकातून ते काढून टाकायला २०११ साल उजाडावे लागले.

कोड वाचणारी साधने त्याच्याही आधीपासून आहेत. बेल लॅब्जमधल्याच स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात ‘लिंट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कपड्यावर चिकटलेले बारीक तंतू वेचावेत तसे कोडमधले खटकणारे तुकडे तो वेचून दाखवत असे. पुढे २००० च्या आसपास खास सुरक्षेसाठी साधने आली. डेव्हिड व्हीलर यांचे ‘फ्लॉफाइंडर’ हे त्यांपैकी एक. ते कोडमध्ये धोकादायक फंक्शनची नावे शोधते आणि जोखमीप्रमाणे त्यांची क्रमवारी लावून दाखवते. अशा साधनाला कोडचा अर्थ कळत नाही, त्याला फक्त शब्द दिसतात. मजकूर उतरवणाऱ्या ‘स्ट्रकॉपी’ फंक्शनने चार अक्षरांचा ठरलेला मजकूर शंभर बाइट्सच्या बफरमध्ये टाकला तरी ते बोट दाखवते, आणि दोष एखाद्या साध्या बेरजेत दडला असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. तरीही अनोळखी कोड प्रथमच हातात आला की मी आजही सुरुवात अशाच साधनाने करतो, कारण कुठून वाचायला घ्यावे हे पाच मिनिटांत समजते.

खरी ताकद त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. खोलवर तपासणारे साधन कंपायलरप्रमाणे (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमप्रमाणे) कोडची रचना समजून घेते, कुठल्या ओळीनंतर कुठली ओळ येऊ शकते याचा नकाशा काढते आणि प्रत्येक वाटेने चालत जाताना कुठल्या चलाची (किंमत साठवणाऱ्या नावाची) किंमत कुठून कुठपर्यंत असू शकते याची नोंद ठेवते. बाहेरून, म्हणजे नेटवर्कवरून, फाइलमधून किंवा वापरणाऱ्याने टाइप केलेल्या ओळीतून आलेल्या प्रत्येक किमतीवर ते जणू डाग पाडते. त्या किमतीवरून काढलेल्या दुसऱ्या किमतीलाही तो डाग लागतो. मधल्या एखाद्या ओळीत मर्यादेची योग्य तपासणी झाली तरच डाग पुसला जातो. डाग न पुसता ती किंमत मेमरीच्या आकारापर्यंत, ॲरेच्या (एकाच प्रकारच्या किमतींच्या रांगेच्या) क्रमांकापर्यंत किंवा मजकूर छापणाऱ्या ‘प्रिंटएफ’च्या साच्यापर्यंत पोहोचली की साधन वॉर्निंग देते, आणि चांगले साधन नुसती ओळ दाखवून थांबत नाही, तर ही किंमत कुठे आत आली, कोणत्या फंक्शनमधून फिरली आणि शेवटी कुठे जाऊन धडकली, हा सगळा प्रवास पायरीपायरीने मांडते.

एक उदाहरण द्यायला हवे, आणि ते माझ्याच हातून घडलेले आहे. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत, जिचे नाव इथे देण्याचे कारण नाही, नेटवर्कवरून संदेश घेणाऱ्या एका उपकरणाचा कोड लिहीत होतो. संदेशाच्या सुरुवातीच्या दोन बाइट्समध्ये पुढच्या मजकुराची लांबी येत असे. ती लांबी मी ‘शॉर्ट’ या छोट्या पूर्णांकाच्या प्रकारच्या चलात घेतली. पुढच्या ओळीत लिहिले की लांबी २५६ पेक्षा जास्त असेल तर संदेश नाकारावा, आणि त्याच्या पुढच्या ओळीत ‘मेमकॉपी’ने तेवढा मजकूर २५६ बाइट्सच्या बफरमध्ये उतरवला. वाचताना यात काहीच वावगे दिसत नाही. मर्यादा तपासली आहे, आणि तीही अगदी वेळेवर. पण ‘शॉर्ट’ला ऋण किंमत असू शकते. कुणी त्या दोन बाइट्सचे सगळे बिट एक करून पाठवले, तर लांबी उणे एक होते. उणे एक ही संख्या २५६ पेक्षा जास्त नाही, म्हणून संदेश स्वीकारला जातो. ‘मेमकॉपी’ मात्र आपली लांबी चिन्हविरहित, म्हणजे कधीही ऋण नसणारी, संख्या म्हणून घेते, आणि त्या ३२ बिटांच्या यंत्रावर उणे एकचे होतात ४,२९,४९,६७,२९५. एवढे बाइट्स २५६ च्या जागेत.

ही चूक साधनाने दाखवली नव्हती असे नाही. आम्ही पहिल्यांदा साधन चालवले तेव्हा अकराशेहून जास्त वॉर्निंग्ज आल्या होत्या, आणि चिन्ह असलेली किंमत चिन्हविरहित होत आहे अशी, माझ्या त्या ओळीचा क्रमांक देणारी वॉर्निंग त्यांत होती. त्या प्रकारच्या वॉर्निंग्ज शेकड्यांनी होत्या आणि बहुतेक निरुपद्रवी होत्या. म्हणून आम्ही तो सगळा प्रकारच साधनाच्या सेटिंगमध्ये बंद केला. त्या निर्णयाला माझीही संमती होती. पुढे जवळजवळ दोन वर्षे तो कोड तसाच वापरात राहिला, आणि मग चाचणी करणाऱ्या एका सहकाऱ्याने मुद्दाम विचित्र संदेश पाठवून पाहिले तेव्हा उपकरण दर वेळी कोसळून नव्याने सुरू होऊ लागले. दुरुस्ती एका शब्दाची होती: चलाचा प्रकार बदलला की झाले. बंद केलेला तो प्रकार पुन्हा चालू करून आम्ही एकेक वॉर्निंग वाचली तेव्हा त्याच जातीच्या आणखी तीन जागा निघाल्या. त्या दिवसापासून एखाद्या प्रकारची वॉर्निंग सरसकट बंद करण्याला मी कधीही होकार दिलेला नाही.

इथे कुणी विचारेल की चाचणीनेच जर दोष सापडला, तर कोड चालवून पाहणेच अधिक चांगले नाही का? दोन्ही हवे, हे खरे. पण चाचणी ज्या वाटेने जाते तेवढीच वाट पाहते, आणि सी भाषेतले वाईट दोष बहुधा कुणी न चालणाऱ्या वाटेवर असतात. फाइल उघडली, मेमरी घेतली, दुसरी मेमरी मागितली आणि ती मिळालीच नाही, तर काय होते? त्या वेळी पहिली मेमरी मोकळी करून बाहेर पडायचे असते. घाईत लिहिलेल्या कोडमध्ये ती एकदा इथे मोकळी होते आणि परत गेल्यावर बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये पुन्हा एकदा मोकळी होते. नेहमीच्या चाचणीत मेमरी कधी संपत नाही, त्यामुळे या ओळी वर्षानुवर्षे एकदाही चालत नाहीत. हल्लेखोर मात्र ती परिस्थिती मुद्दाम घडवून आणू शकतो. स्टॅटिक ॲनालिसिस करणाऱ्या साधनाला नेहमीची वाट आणि आडवाट असा भेद नसतो. मेमरी मागण्याचे ‘मॅलॉक’ हे फंक्शन शून्य परत देऊ शकते हे त्याला माहीत असते आणि ती वाट ते तितक्याच काळजीने चालून पाहते. माझ्या अनुभवात या साधनांनी दाखवलेले सर्वांत मोलाचे दोष चुका हाताळणाऱ्या कोडमध्येच सापडले आहेत, म्हणजे जो कोड सुरक्षिततेसाठी लिहिला होता त्यातच.

गुणाकाराचेही असेच आहे. चित्राची रुंदी ६५,५३६ आणि उंचीही ६५,५३६ असे फाइलमध्ये लिहिलेले असेल, तर ३२ बिटांच्या हिशोबात त्यांचा गुणाकार नेमका शून्य येतो. तेवढी मेमरी मागितली जाते आणि मग चित्राचे बिंदू एकामागून एक त्या नसलेल्या जागेत लिहिले जातात. असे चित्र कुणी सहज काढत नाही, म्हणून ते चाचणीतही येत नाही.

या साधनांची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण ती न सांगता साधने विकणारेही पुष्कळ आहेत. कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे ठरवणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवले, आणि प्रोग्रॅमच्या वागणुकीविषयीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाला हेच लागू होते, असे हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले. याचा व्यवहारातला अर्थ असा की प्रत्येक प्रोग्रॅममधला प्रत्येक दोष दाखवणारे आणि एकही खोटी वॉर्निंग न देणारे स्वयंचलित साधन होऊच शकत नाही. साधन बनवणाऱ्याला निवड करावी लागते. एक तर काही दोष सुटले तरी चालतील, पण वॉर्निंग शक्यतो खरी असावी. नाहीतर खोट्या वॉर्निंग्ज आल्या तरी चालतील, पण दोष सुटता कामा नये. रोजच्या वापरातली बहुतेक साधने पहिल्या बाजूची आहेत. दुसऱ्या बाजूचा पाया पॅट्रिक आणि राधिया कुझो या दांपत्याने १९७७ मध्ये मांडलेल्या ‘ॲबस्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशन’च्या सिद्धांतात आहे. प्रत्येक चलाची नेमकी किंमत न पाहता तिला सामावून घेणारी मर्यादा धरून चालायचे, आणि त्या मर्यादेत कुठेच अपघात होत नसेल तर प्रत्यक्षातही होणार नाही, असा तो विचार आहे. त्यावर उभ्या राहिलेल्या ‘आस्त्रे’ या साधनाने २००३ मध्ये एअरबस ए-३४० विमानाच्या मुख्य उड्डाण-नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे सीच्या १,३२,००० ओळींमध्ये, चालताना घडणारी अशी एकही चूक नाही हे आपोआप सिद्ध करून दाखवले. अर्थात तो कोडही शिस्तीचा होता आणि साधनही त्या प्रकारच्या कोडसाठी घडवलेले होते. कुठलाही कोड कुठल्याही साधनात टाकून असे प्रमाणपत्र मिळत नाही.

साधनाच्या नजरेतून दोष कसा निसटतो आणि मग ती नजर कशी सुधारते, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण ‘हार्टब्लीड’चे आहे. ओपनएसएसएल ही लायब्ररी जगभरच्या असंख्य वेबसाइट्सचे संदेश गुप्त ठेवते. मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या आवृत्तीत ‘हार्टबीट’ नावाची एक सोय आली. तुम्ही थोडा मजकूर आणि त्याची लांबी पाठवायची आणि सर्व्हरने तोच मजकूर परत पाठवायचा. सर्व्हर मजकुराची खरी लांबी मोजत नव्हता, पाठवणाऱ्याने सांगितलेली लांबी खरी मानत होता. एक बाइट पाठवून लांबी चौसष्ट हजार सांगितली, तर त्या बाइटच्या पुढे मेमरीत जे काही असेल ते, पासवर्ड असोत की गुप्त किल्ल्या, जवळजवळ चौसष्ट किलोबाइट्सपर्यंत परत मिळत होते. ७ एप्रिल २०१४ रोजी हा दोष जाहीर झाला. दोन वर्षे तो उघड्या, कुणालाही वाचता येणाऱ्या कोडमध्ये होता.

तो आधी साधनांना का दिसला नाही? किंमत नेटवर्कवरून आत आली त्या जागेपासून वापरली गेली त्या जागेपर्यंतचा रस्ता फार लांब आणि पॉइंटरांच्या गुंत्यातून जाणारा होता, त्यामुळे डाग मध्येच हरवत होता. दोष जाहीर झाल्यावर काही दिवसांतच कव्हेरिटी या साधनाच्या लोकांनी एक साधी पण मार्मिक युक्ती वापरली. नेटवर्कवरून आलेल्या संख्येचे बाइट्स उलट क्रमाने जोडून घ्यावे लागतात, आणि तशी जोडणी करणारा कोड सहज ओळखू येतो. जिथे कुणी बाइट्स असे जोडत असेल, तिथे ती किंमत बाहेरूनच आली असणार असे धरून चाला, असे त्यांनी साधनाला शिकवले. लगेच हार्टब्लीडची ओळ समोर आली. मला यातून एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. साधनाला शिकवणारा माणूस कोड लिहिणाऱ्यांच्या सवयी ओळखणारा असावा लागतो. आपल्या कोडमध्ये बाहेरचा डेटा कुठल्या फंक्शनमधून येतो हे साधनाला सांगण्याची सोय बहुतेक चांगल्या साधनांत असते, आणि ती सोय वापरणारे गट मला आजवर फार थोडे भेटले आहेत.

त्याच वर्षी, म्हणजे २०१४ च्या फेब्रुवारीत, ॲपलच्या प्रणालीत एक दोष निघाला. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरची सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये ‘गोटू फेल’ (म्हणजे ‘फेल’ या खुणेच्या ओळीवर उडी मार) ही ओळ एकाखाली एक अशी दोनदा लिहिली गेली होती. पहिली ओळ अटीखाली होती. दुसरी तितक्याच अंतरावर सरकवून लिहिलेली असल्याने अटीखालची वाटत होती, पण नव्हती. त्यामुळे दर वेळी तपासणी अर्ध्यात सोडून कोड पुढे जात होता, आणि कुठलीही चूक नोंदवली नसल्याने सही बरोबर आहे असाच निष्कर्ष निघत होता. त्या ओळीच्या खालचा कोड कधीही चालणार नाही हे ओळखणारी वॉर्निंग क्लँग कंपायलरमध्ये होती, फक्त ‘सगळ्या वॉर्निंग्ज’ असे नाव असलेल्या पर्यायात ती येत नव्हती, वेगळी मागावी लागत होती. फसव्या रीतीने सरकवलेल्या ओळी दाखवणारी वॉर्निंग जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत, २०१६ मध्ये, आली. त्यानंतर २०२० च्या दहाव्या आवृत्तीत जीसीसीने स्वतःचे स्टॅटिक ॲनालिसिसही देऊ केले. क्लँगचे विश्लेषक साधन आणि सीपीपीचेक यांनाही पैसे पडत नाहीत. म्हणजे एकट्याने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरलाही आज पैशांअभावी तपासणी टाळण्याचे कारण उरलेले नाही.

वॉर्निंग गप्प करण्याच्या नादात काय होते त्याचे उदाहरण डेबियन या लिनक्स प्रणालीचे आहे. तिथे वापरलेले साधन कोड चालवून तपासणारे होते, स्टॅटिक नव्हते, पण मुद्दा तोच आहे. किंमत न भरलेली मेमरी वापरली जात आहे अशी तक्रार साधन करत होते, म्हणून २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या डेबियन आवृत्तीतून संबंधित ओळी काढून टाकण्यात आल्या. तक्रार थांबली. पण त्यांतल्या एका ओळीतून गुप्त किल्ली बनवण्यासाठी लागणारी सगळी अनिश्चितता आत येत होती. ती गेल्यावर फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, क्रमांक उरला, आणि प्रत्येक प्रकारच्या व आकाराच्या किल्लीच्या सुमारे बत्तीस हजारच शक्यता राहिल्या. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत बनलेल्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. बदल करणाऱ्याने हयगय केली असे मी म्हणणार नाही. त्याने ओपनएसएसएलच्या ई-मेल चर्चा-यादीवर आधी विचारणाही केली होती. वॉर्निंग कशाबद्दल आहे हे पूर्ण समजण्याआधी ती नाहीशी करण्याची घाई तिथे नडली, आणि ती घाई मला रोज आजूबाजूला दिसते.

खोट्या वॉर्निंग्जचा त्रास मी जाणतो. पहिल्या दहा वॉर्निंग्ज खोट्या निघाल्या की अकरावी कुणी मन लावून वाचत नाही, आणि त्यात वाचणाऱ्यालाही फार दोष देता येत नाही. म्हणून साधन आणले त्याच दिवशी जुन्या कोडच्या हजार वॉर्निंग्ज निकालात काढण्याचा संकल्प करू नये, तो तडीस जात नाही. जुन्या वॉर्निंग्जची यादी बाजूला जपून ठेवावी आणि आजपासून लिहिल्या जाणाऱ्या कोडमध्ये एकही नवी वॉर्निंग स्वीकारायची नाही एवढा नियम करावा. बदल करताना ज्या फाइलला हात लागेल, तिच्यातल्या जुन्या वॉर्निंग्ज त्याच वेळी वाचाव्यात. बाहेरचा डेटा हाताळणाऱ्या फाइल्स मात्र सर्वांत आधी घ्याव्यात, मग त्यांना हात लागो वा न लागो. एखादी वॉर्निंग खोटी आहे अशी खात्री पटली तर ती का खोटी आहे हे एका पूर्ण वाक्यात त्या ओळीशेजारी लिहावे. हे वाक्य लिहायला बसले की पाचांतल्या एका वेळी तरी माझे वाक्य पूर्ण होत नाही, कारण वॉर्निंग खरीच असते.

शिकवण्याच्या बाबतीतही एक तक्रार मनात आहे. सी भाषा शिकवताना प्रोग्रॅम चालला आणि उत्तर बरोबर आले की विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात. कंपायलरने दिलेल्या वॉर्निंग्ज पडद्यावरून सरकत वर निघून जातात, आणि त्या वाचायच्या असतात हे विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही. ‘स्कॅनएफ’ने मर्यादा न देता शब्द वाचून घेणे आजही पहिल्या धड्यात शिकवले जाते. नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या हातून ही सवय सोडवताना मी अनेक महिने घालवले आहेत. पहिल्याच धड्यात कंपायलरच्या वॉर्निंग्ज चालू करून दिल्या, आणि वॉर्निंग शिल्लक असेल तर काम अपुरे असे ठरवले, तर शिक्षकाला एका ओळीचे काम आहे आणि विद्यार्थ्याची पुढची वीस वर्षे वाचतात.

आता आपल्याकडे एक विनंती. एखाद्या सॉफ्टवेअरमधला गंभीर दोष बातमीत येतो तेव्हा, तो कोणत्या जातीचा होता, कोडमध्ये किती काळ होता, आणि तो आधी सापडण्यासारखा होता का, हे तीन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी संबंधितांना विचारावेत आणि मिळालेली उत्तरे छापावीत. ही माहिती बहुधा गुप्त नसते. जाहीर झालेल्या दोषांच्या नोंदींमध्ये दोषाचा प्रकार वर्गवारीनुसार दिलेला असतो आणि दुरुस्ती उघड्या कोडमध्ये झाली असेल तर जुनी ओळ आणि नवी ओळ शेजारी शेजारी पाहता येते. हार्टब्लीडची दुरुस्ती मुख्यतः सांगितलेली लांबी खऱ्या लांबीशी ताडून पाहणाऱ्या काही ओळींची होती. ती मराठी वाचकालाही समजावून सांगता येईल, आणि सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या संस्थांमध्ये बसलेल्या आपल्या वाचकांना पुढच्या करारापूर्वी विक्रेत्याला विचारता येईल की तुमच्या कोडवर स्टॅटिक ॲनालिसिस होते का, आणि त्याच्या वॉर्निंग्ज कोण वाचतो.

कळावे.

आपला नम्र,
सी भाषेत काम करणारा एक वाचक